कॅडबरीचे संपादन व ब्रिटिश लोकमत
कॅडबरी या ब्रिटिश चॉकोलेट उद्योगसंस्थेचे क्राफ्ट फूड्स या अमेरिकन कंपनीने २०१० मध्ये केलेले संपादन आणि त्यावर ब्रिटनमध्ये उमटलेली तीव्र प्रतिक्रिया. लोकांच्या जिव्हाळ्याची नाममुद्रा परकीयांच्या हाती गेल्याने निर्माण होणाऱ्या अस्वस्थतेला कायद्यात कितपत स्थान असते, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

जॉन कॅडबरी या क्वेकरपंथीय व्यापाऱ्याने १८२४ मध्ये बर्मिंगहॅम येथे चहा, कॉफी व कोको यांचे दुकान काढले. मद्याला पर्याय म्हणून ही पेये रूढ व्हावीत, असा त्याचा हेतू होता. त्याचे पुत्र रिचर्ड व जॉर्ज यांनी १८७९ मध्ये शहराबाहेर बोर्नव्हिल येथे कारखाना हलविला. जॉर्जने त्यालगत बागबगीचे, क्रीडांगणे व हवेशीर घरे असलेली वसाहत उभारली आणि १९०० मध्ये ती एका न्यासाच्या स्वाधीन केली. तीत मद्यगृहास मज्जाव होता. ‘डेअरी मिल्क’ हे चॉकोलेट १९०५ मध्ये बाजारात आले. या इतिहासामुळे कॅडबरी ही निव्वळ व्यापारी संस्था न राहता सचोटी व कामगारहित यांचे प्रतीक बनली.

अशा प्रकरणाचा पूर्वानुभव ब्रिटनला होता. यॉर्क येथील राउनट्री ही दुसरी क्वेकर संस्था १९८८ मध्ये स्विस नेस्ले कंपनीने घेतली, तेव्हा यॉर्कच्या नागरिकांनी मोठा विरोध केला. तथापि हे प्रकरण मक्तेदारी आयोगाकडे सोपविण्यास शासनाने नकार दिला.

क्राफ्टने सप्टेंबर २००९ मध्ये दर भागास ७४५ पेन्स देऊ केले. संचालकांनी हा देकार फेटाळला. परंतु जानेवारी २०१० मध्ये विशेष लाभांशासह ८५० पेन्सला सौदा ठरला. दरम्यान अल्पकालीन नफ्यासाठी भाग घेणाऱ्या निधींचा हिस्सा सु. ५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या आसपास गेला होता. निर्णय प्रत्यक्षात याच मंडळींनी केला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. बहुतांश शासकीय मालकीच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने या व्यवहारास कर्ज दिल्याने करदात्यांचा रोष अधिकच वाढला.

संतापाचे खरे निमित्त मात्र ब्रिस्टलजवळील केन्शॅम येथील सॉमरडेल कारखाना ठरला. तो बंद करून उत्पादन पोलंडला नेण्याचा निर्णय मुळात कॅडबरीनेच २००७ मध्ये घेतला होता, ही गोष्ट लोकस्मृतीतून बहुधा निसटते. क्राफ्टने देकाराच्या वेळी तो चालू ठेवण्याची आशा दाखविली आणि संपादन पूर्ण होताच, काही दिवसांतच, ती मागे घेतली. सु. ४०० कामगारांचा रोजगार त्यामुळे गेला. संपादन-नियमन मंडळाने मे २०१० मध्ये या वर्तनाबद्दल क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला. युनाइट ही कामगार संघटना व संसदेची समिती यांनीही कठोर टीका केली.

शासनास मात्र हस्तक्षेप करता आला नाही. २००२ च्या अधिनियमानुसार राष्ट्रीय सुरक्षा, वृत्तमाध्यमे व वित्तव्यवस्थेचे स्थैर्य एवढ्याच बाबी लोकहितात मोडत. चॉकोलेट त्यांत बसणारे नव्हते. पुढे सप्टेंबर २०११ मध्ये संपादन-संहिता बदलली. इच्छुक कंपनीने २८ दिवसांत ठोस देकार द्यावा अथवा माघार घ्यावी आणि कामगार व कारखाने यांविषयीचे आपले हेतू स्पष्ट करावेत, असे बंधन आले. मतदानासाठी अल्पकालीन भागधारकांना अपात्र ठरविण्याची सूचना मात्र स्वीकारली गेली नाही.

२०१२ मध्ये क्राफ्टचे विभाजन होऊन कॅडबरी माँडेलीझ कंपनीकडे गेली. ‘क्रीम एग’चे बाह्य कवच डेअरी मिल्कऐवजी वेगळ्या चॉकोलेटचे करण्यात आल्याचे २०१५ मध्ये उघड झाले, तेव्हा जुना संशय खरा ठरल्याची भावना पसरली. कॅडबरी स्वतःही या बाबतीत निर्लेप नव्हती : पोलंडची लाडकी व्हेडेल ही नाममुद्रा तिने १९९९ मध्ये विकत घेतली होती, यूरोपीय स्पर्धानियमनाच्या अटीमुळे ती २०१० मध्ये लोट्टे कंपनीस विकावी लागली.

भारतात कॅडबरीचा व्यवसाय १९४८ पासून मुंबईत असून २०१४ मध्ये कंपनीचे नाव माँडेलीझ इंडिया झाले. येथे ती प्रथमपासूनच परकीय असल्याने ब्रिटनसारखा प्रक्षोभ उद्‌भवण्याचे कारण नव्हते; मराठी बोलीत मात्र कोणत्याही चॉकोलेटला ‘कॅडबरी’ म्हणण्याचा प्रघात आढळतो.