भिंतीवरची बुरशी: आधी ओलावा मोजा

ताडकळसच्या मोंढ्यात सोयाबीनचे पोते उघडले, की भावाच्या आधी मॉइश्चर मीटर बाहेर येतो. दाण्यात १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर माल चालतो. त्यापेक्षा जास्त भरला तर भाव घसरतो. दाण्यावर कोणत्या जातीची बुरशी येईल, याची चौकशी तिथे कुणी करत नाही. ओलावा राहिला तर बुरशी धरणार, हे शेतकऱ्याला आणि आडत्याला सारखेच ठाऊक असते. घराच्या आणि दुकानाच्या भिंतीलाही हाच हिशेब लागू पडतो. तिथे मात्र तो विसरला जातो.

पावसाळा संपता संपता पूर्णा तालुक्यातल्या अनेक घरांत कपाटामागे, जिन्याखाली, न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर काळे-हिरवे डाग दिसू लागतात. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे भिंतींना तडे जातात आणि त्यांतून पाणी झिरपते. जोते ठेंगणे असेल तर जमिनीतली ओल भिंतीत वर चढते. स्लॅबवर पाणी साचते, कपडे घरातच वाळत घातले जातात, धान्याची पोती भिंतीला टेकवून रचली जातात. मग दिवाळीच्या तोंडावर पोपडे खरवडून वरून रंग दिला जातो. पुढच्या श्रावणात डाग पुन्हा हजर.

त्रास कुणाला, किती?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, छातीत घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा यांचा त्रास जास्त होतो, हा संबंध त्यात पुरेशा पुराव्यांनिशी मांडला आहे. लहान मुले, वृद्ध, आधीच दमा असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना धोका अधिक.

२०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ या नावाने म्युकरमायकोसिसची दहशत पसरली. तेव्हापासून भिंतीवरचा काळा डाग पाहूनही काहींच्या पोटात गोळा येतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. म्युकरमायकोसिस प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा जादा वापर झालेल्या रुग्णांत दिसला. त्यातला काळा रंग बुरशीचा नसून मृत झालेल्या पेशींचा असतो. भिंतीवरच्या डागामुळे तो आजार होईल असे समजण्याचे कारण नाही. म्हणून डाग दुर्लक्षित ठेवावा असेही नाही.

हवेची तपासणी काय सांगते?

मोठ्या शहरांत घरातील हवा तपासून देणाऱ्या खासगी संस्था आहेत. पंपाने ठरावीक हवा खेचून ती पोषकद्रव्य असलेल्या बशीवर किंवा चिकट काचपट्टीवर सोडतात. बशीवर उगवलेल्या वसाहती मोजतात किंवा काचपट्टीवरचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डागावर चिकटपट्टी दाबून किंवा कापसाचा बोळा फिरवूनही नमुना घेता येतो. बुरशीची जात यातून कळू शकते.

अडचण पुढे आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात. सोयाबीनची मळणी चालू असलेल्या दिवसांत तर बाहेरच्याच हवेत त्यांची गर्दी असते. पंखा लावला, केर काढला, दार उघडले, की त्याच खोलीतला आकडा बदलतो. शिवाय अमुक आकड्याखाली घर सुरक्षित, अशी आरोग्याशी जोडलेली सर्वमान्य मर्यादा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही ती ठरवलेली नाही. बशी उघडी ठेवून घरच्या घरी करायच्या चाचणीत तर काही ना काही उगवणारच. म्हणूनच बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घेण्याची गरज नाही, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची भूमिका आहे. जात कोणतीही निघाली तरी करायचे तेच असते: पाणी थांबवायचे आणि बुरशी काढायची.

तपासणी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. कुबट वास येतो पण डाग कुठेच दिसत नाही, फॉल्स सिलिंग किंवा प्लायवूडच्या मागे पाणी मुरल्याची शंका आहे, रुग्णालयात प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण आहेत, किंवा कामगारांना एकाच जागी काम करताना त्रास होतो, अशा वेळी जाणकाराकडून पाहणी करून घेणे योग्य. चांगला तपासनीस आधी छत, नळ, गटार आणि भिंत पाहतो, आर्द्रता मोजतो. नमुना शेवटी घेतो. घरात पाऊल न ठेवता केवळ अहवाल देणाऱ्याकडून, किंवा अहवालासोबत स्वतःचेच महागडे औषध विकणाऱ्याकडून सावध राहावे.

घरच्या घरी तीन परीक्षा

पांढरट थर बुरशीचा की क्षाराचा, हे पाहण्यासाठी त्यावर थोडे पाणी लावावे. क्षार विरघळतो, बुरशी विरघळत नाही.

ओल कुठून येते हे शोधण्यासाठी प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी घट्ट चिकटवून एक दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी जमले तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला दव आले तर खोलीतली वाफ भिंतीवर थिजते आहे. पहिल्या प्रकारात गवंडी आणि नळकारागीर लागेल, दुसऱ्यात खिडकी उघडून भागेल.

तिसरे साधन आर्द्रतामापक. ते स्वस्तातही मिळते. खोलीतली आर्द्रता शक्यतो ६० टक्क्यांच्या आत असावी. भर पावसात परभणी जिल्ह्यात बाहेरच आर्द्रता त्याहून जास्त असते, तेव्हा हे जमणार नाही. मात्र उघडीप मिळताच दुपारी दारे-खिडक्या उघडाव्यात, कपाटे आणि पोती भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशीला सहसा संधी मिळत नाही.

उन्हाळ्यातला कूलर

मराठवाड्यात ओलावा फक्त पावसाळ्यातच घरात येतो असे नाही. एप्रिल-मेमध्ये कूलरची ओली ताटी रात्रभर तोंडावर वारा सोडत असते. फुप्फुसांच्या जाळीच्या आजारांची देशातील २७ केंद्रांत मिळून एक नोंदवही ठेवली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, म्हणजे श्वासातून आत गेलेल्या सूक्ष्म कणांच्या ॲलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज होती. त्यांतले जवळपास निम्मे कूलरच्या संपर्कात होते. प्रत्येकाचा आजार कूलरनेच झाला असे यातून सिद्ध होत नाही. पण गेल्या वर्षीची कुबट ताटी पुन्हा न लावण्यासाठी एवढे कारण पुरेसे आहे. दर हंगामात ताटी बदलावी, टाकी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावी आणि हंगाम संपल्यावर कूलर कोरडा करूनच ठेवावा.

भिंतीपेक्षा माणूस तपासा

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, धाप, रात्रीची घरघर असेल तर खर्च आधी वैद्यकीय तपासणीवर करावा. क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी व्हायलाच हवी; ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. अस्परजिलस या बुरशीच्या ॲलर्जीने होणारा ‘एबीपीए’ हा आजारही असतो. त्यातही एक्स-रेवर डाग येतात, खोकला टिकून राहतो, कधी थुंकीतून तपकिरी गुठळ्या पडतात. आपल्याकडे असे रुग्ण क्षयरोगी समजले जाण्याचा घोळ वारंवार झालेला आहे. दमा असलेल्या रुग्णाच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसतील आणि औषधांनी गुण येत नसेल, तर स्पायरोमेट्री आणि रक्तातील आयजीईच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. चालू असलेली औषधे मात्र मनाने बंद करू नयेत.

साफ करताना

डाग साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरीच काढता येतो. एन-९५ मास्क आणि हातमोजे घालावेत. दमेकऱ्यांना आणि मुलांना त्या खोलीबाहेर ठेवावे. कोरडे खरवडू नये, बीजाणू घरभर उडतात. आधी भिंत ओली करून साबणाच्या पाण्याने घासावी, पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र कधीही करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बुरशी धरलेल्या गाद्या-उशा टाकून द्याव्यात. रंगाचा डबा मात्र गळती सापडून ती बंद झाल्यावर आणि भिंत कोरडी ठणठणीत झाल्यावरच उघडावा.