भंगाराचा भाव आणि लिलावाचा भाव: मधला फरक कशाचा?

जुन्या वस्तूंच्या धंद्यावरचा व्हिडिओ दहा मिनिटांचा होता. त्यात कायदा आणि हिशोब दोन्ही मावले नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, आकडे आहेत.

आपल्या पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई पट्ट्यात जुने वाडे उतरवून आरसीसीची घरं उभी राहतायत. वाडा उतरवला की माळ्यावरचं सामान अंगणात येतं. सागवानी खुर्ची, कंदील, चिनी मातीच्या बरण्या, इनॅमलची जाहिरात-पाटी, नक्षीच्या फरश्या. भंगारवाला येतो, लोखंड किलोवर, लाकूड अंदाजाने, काच फुकटात घेऊन जातो. आणि तुम्ही मोबाईलवर बघता की मुंबईच्या लिलावात तशीच एक खुर्ची लाखाला गेली. मग डोक्यात हिशोब सुरू होतो: पाचशेला घ्यायची, पन्नास हजाराला विकायची.

हा हिशोब साफ खोटा नाही. पण पाचशे आणि पन्नास हजार यांच्या मधे काय घडतं, ते समजून न घेता यात पैसे टाकू नका. त्यासाठी आधी चंदीगडच्या खुर्चीची गोष्ट ऐका.

१९५० च्या दशकात चंदीगड शहर वसवलं जात होतं. मुख्य वास्तुविशारद ल कोर्बुझिए. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे तिथे बरीच वर्षं राहून काम करत होते. सरकारी कचेऱ्या, विद्यापीठ, वाचनालय, सगळीकडे खुर्च्या-टेबलं लागणार होती. ती जानरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखली आणि तिथल्या सुतारांनी सागवान आणि वेत वापरून बनवली. इंग्रजी व्ही अक्षर उलटं ठेवल्यासारखे पाय, विणलेली बैठक. हजारोंनी बनल्या. चाळीसेक वर्षांनी वेत फाटला, पाय डुगडुगले, आणि खात्यांनी त्या निर्लेखित करून भंगार म्हणून लिलावात काढल्या. काही युरोपियन व्यापाऱ्यांनी त्या रीतसर विकत घेतल्या, बाहेर नेल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्या लाखोंच्या भावाने गेल्या. शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने हे फर्निचर विकायला बंदी घातली. तोपर्यंत बराच माल गेला होता. परत मागायचा तरी कसा? माल पावतीने घेतलेला, आणि शंभर वर्षांपेक्षा कमी जुना.

आता यातला धंद्याचा मुद्दा बघा. त्या खुर्च्यांच्या मागे पांढऱ्या रंगात खात्याचं नाव आणि नंबर रंगवलेला असायचा. आपल्या झेडपीच्या शाळेत बाकावर असतो ना, तसाच. ही कुठल्या इमारतीतली, कुठल्या खात्याची, हे त्या अक्षरांवरून सांगता येतं. म्हणून खरेदीदार आजही ती अक्षरं शोधतो. एखाद्याने "स्वच्छ करून देतो" म्हणत पॉलिशवाल्याकडून ती घासून काढली, तर राहते फक्त एक जुनी सागवानी खुर्ची. लाकूड तेच, वेत तोच, भाव मात्र वेगळा.

म्हणजे लिलावात वस्तूबरोबर तिचा पुरावा विकला जातो. कोणी बनवली, कधी, कोणाच्या घरात होती, तुमच्याकडे कशी आली. या धंद्यात तुमचं खरं काम हा पुरावा जपण्याचं आणि तयार करण्याचं आहे. वस्तू शोधणं त्यामानाने सोपं.

आपल्याकडे असं काय आहे?

पुष्कळ आहे. विसाव्या शतकात महाराष्ट्रात स्वदेशीच्या चळवळीतून कारखाने उभे राहिले आणि त्यांचा माल घराघरात गेला. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा. लोकांकडून एकेक पैसा वर्गणी घेऊन उभारलेला. कराडजवळचा ओगले ग्लास वर्क्स १९१६ चा. त्यांचा 'प्रभाकर' कंदील आपल्या आजोबांच्या पिढीतल्या बहुतेकांना माहीत होता. मुंबईची भारत टाइल्स १९२२ ची. इंग्लंडहून येणाऱ्या फरशीला टक्कर द्यायला सुरू झालेली. जुन्या वाड्याच्या ओसरीवर रंगीत नक्षीची सिमेंट फरशी दिसली तर पहारीने उचकटू देऊ नका. एक सुटी फरशी उलटी करून मागे कारखान्याचा छाप आहे का बघा.

स्टुडिओ क्राफ्ट हा यातला दुसरा प्रकार. कारखान्यात नाही, तर एका कारागिराने स्वतःच्या कार्यशाळेत, स्वतःच्या डोक्याने आणि हाताने केलेलं काम. कुंभारकामात याची सुरुवात सरदार गुरचरण सिंग यांच्यापासून धरतात. ते जपानला जाऊन शिकून आले आणि पुढे दिल्लीत त्यांनी आपली पॉटरी उभी केली. १९७१ मध्ये पुदुच्चेरीला रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथून कुंभारांची एक पिढीच तयार झाली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला ग्रामोदय संघाचं काम आहे. अशा भांड्याच्या बुडाला बहुतेकदा कुंभाराचा शिक्का किंवा सही असते. शहरातून बदलून गेलेल्या कुटुंबाने रद्दीबरोबर काढलेली खडबडीत, निळसर चहाची किटली "गावठी आहे" म्हणून बाजूला ठेवू नका. आधी उलटी करा.

एक विनंती मात्र आहे. आपलं गाव पाबळ, इथे मस्तानीची समाधी. त्यामुळे इथली कुठलीही पितळी समई "मस्तानीच्या काळातली" म्हणून खपवायचा मोह होतो. मस्तानी वारली १७४० मध्ये. ती समई खरंच तेव्हाची असेल तर तुम्ही ती विनापरवाना विकू शकत नाही. नसेल तर तुम्ही गिऱ्हाईकाला फसवताय. दोन्हीकडून तुम्हीच अडकता!

कायद्याची रेष

१९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, हे नाव पाठ करा. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू, कारागिरीची वस्तू म्हणजे पुरावशेष. जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो, काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे नोंदणी लागते, आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. याशिवाय राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, रवींद्रनाथ टागोर, नंदलाल बोस अशा ठराविक चित्रकारांची कामं वयाचा विचार न करता बाहेर नेता येत नाहीत.

नवशिक्या माणसासाठी विसावं शतक सोयीचं आहे ते यामुळेच. १९३० नंतरच्या वस्तू अजून या रेषेच्या अलीकडे आहेत. पण रेष दर वर्षी एक वर्ष पुढे सरकते, हे विसरू नका. ओगल्यांच्या अगदी सुरुवातीच्या काळातला काचमाल आज शंभरी ओलांडून गेलाय. वस्तूच्या वयाबद्दल शंका असेल तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा, मग पैसे द्या.

हस्तिदंत कुठल्याही वयाचा असो, हात लावू नका. वन्यजीव कायद्याचा मामला आहे. शिसवी लाकूड परदेशी पाठवायचं तर वेगळे कागद लागतात. आणि देवळातली वस्तू, मग ती पुजाऱ्याने दिलेली असली तरी, नाही म्हणजे नाही.

लिलाव कसा चालतो

चाकणला कांद्याचा लिलाव पाहिला असेल तर अर्धं समजलंच. माल मांडलेला, बोली चढते, शेवटची बोली पक्की. फरक आहे खर्चात. शेतमालात आडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घेतात. कलावस्तूंच्या लिलावात घर दोन्हीकडून घेतं. विकणाऱ्याकडून कमिशन आणि घेणाऱ्याकडून 'बायर्स प्रीमियम'. पेपरात छापून येणारी किंमत बऱ्याचदा प्रीमियमसकट असते, त्यामुळे ती बघून स्वप्नं रंगवू नका.

सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तगुरू ही मुंबईची नावं. त्यांच्याकडे चित्रांसोबत फर्निचर आणि सजावटीच्या वस्तूंचेही लिलाव होतात. तुम्ही फोटो पाठवता. त्यांना रस वाटला तर ते अंदाजित किंमत सांगतात, कमीत कमी इतकी ते जास्तीत जास्त इतकी. मग ठरते राखीव किंमत, म्हणजे याच्या खाली द्यायचं नाही. ती जाहीर करत नाहीत. बोली तिथपर्यंत पोचली नाही तर वस्तू परत. आणि परत आलेली वस्तू लगेच दुसऱ्या लिलावात टाकली की लोक ओळखतात. बाजारात नको असलेला माल म्हणून तिचा भाव पडतो. म्हणून राखीव किंमत हावरटपणे लावू नका.

आता मांडून बघू. आकडे समजायला घेतलेत, दर प्रत्येक घराचे वेगळे. समजा हातोडा ४०,००० ला पडला. घेणारा वर २० टक्के प्रीमियम देतो, म्हणजे ४८,००० आणि त्यावरचा कर. तुमच्या हातात? ४०,००० मधून १५ टक्के कमिशन गेलं ६,०००. फोटो, विमा १,०००. पाबळहून मुंबईला पॅकिंगसकट टेम्पो ३,५००. वेत नव्याने विणून घेतला १,५००. खरेदी ९,०००. उरले १९,०००. वाईट नाही. पण पैसे यायला चार-सहा महिने लागू शकतात, आणि तुम्ही घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं असं होत नाही. दहातल्या एक-दोन लिलावाच्या लायकीच्या निघतात. बाकीच्या जुन्या बाजारात, कॅफेवाल्यांना, शूटिंगला भाड्याने किंवा होमस्टेवाल्यांना. तुमचं दुकान चालतं ते या बाकीच्या आठांवर. हे व्हिडिओत कोणी सांगत नाही, कारण आठ साध्या खुर्च्यांचा थंबनेल बनत नाही.

जीएसटीत वापरलेल्या मालासाठी मार्जिन स्कीम आहे. खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल आणि वस्तूचं स्वरूप बदलेल असं काम केलं नसेल, तर खरेदी आणि विक्रीतल्या फरकावरच कर बसतो. पण मग खरेदीचा कागद हवा. इथेही तेच.

कागद कुठून येणार?

घरमालकाकडून. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

वाडा उतरवताना बऱ्याचदा घरी फक्त आजी असतात. मुलं पुण्यात, रांजणगावात कामाला. आजींना वस्तूची किंमत माहीत नसते, आणि "आजी, हे काय, लाकूडच आहे" म्हणून पाचशेला उचलता येतं. अनेकजण करतात. धंदा म्हणूनसुद्धा ते चुकतं, कसं ते सांगतो. लिलावघर विचारणार, ही तुमच्याकडे कशी आली? तुम्हाला हवी त्या घराची सही, शक्य असेल तर वस्तूचा त्या घरातला जुना फोटो. लग्नाच्या अल्बममध्ये मागे खुर्ची दिसते, तसा. ज्यांना पाचशेत गुंडाळलं त्या घरात तुम्ही सही मागायला पुन्हा जाणार का? गेलात तरी तोवर नातवाने मोबाईलवर भाव बघितलेला असणार. आणि गाव छोटं आहे. दुसऱ्या वाड्याचं दार तुमच्यासाठी उघडणार नाही.

म्हणून मी शिकवतो ते असं. आधी सांगा की ही वस्तू भंगाराची नाही. मुलाला फोन लावून द्या. आजच्या तारखेला रोख किती देता ते बोला, आणि एखादी वस्तू फारच चांगली वाटत असेल तर विकतच घेऊ नका. त्यांच्या वतीने लिलावाला लावा, तुमचा हिस्सा आधी कागदावर लिहून. भांडवल अडकत नाही, जोखीम वाटली जाते, आणि घरचे स्वतःहून जुने फोटो शोधून देतात, कारण भाव चढला तर त्यांचाही चढणार असतो.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूला नंबर द्या. तारीख, गाव, घर, कोणाकडून, किती दिले, लांबी-रुंदी, कुठे तडा, काय बदललं. दुरुस्ती लपवू नका. एखादी बिजागरी हरवली असेल तर आपल्याच गावात विज्ञान आश्रमाची फॅब लॅब आहे, तशीच बनवता येते का विचारा. पण "बिजागरी नवीन" हे वहीत आणि बिलावर लिहा.

आणि घासू नका. तांब्या-पितळेला पीतांबरी, लाकडाला चकचकीत पॉलिश, पाटीवर नवा रंग, सगळं थांबवा. कोरडं फडकं, मऊ ब्रश, बस्स. पुढचं काय करायचं ते घेणारा ठरवेल.

नकली माल ओळखणं हा वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे, तरी दोन गोष्टी. इनॅमलच्या पाटीचे टवके बघा. खऱ्या पाटीवर रंगाचे थर जाडसर असतात, आणि स्क्रूच्या भोकांभोवती जास्त उडालेले असतात, कारण ती खरोखर भिंतीवर ठोकलेली होती. सगळीकडे सारखा गंज म्हणजे ॲसिडचा. फर्निचरमध्ये स्क्रू बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकातला शोध आहे. "१९२० ची खुर्ची" म्हणून दाखवतायत आणि सगळे स्क्रू तसलेच, तर निदान दुरुस्ती तरी मोठी झालीय.

पहिले तीन महिने खरेदी करू नका, फक्त बघा. बुधवारी आणि रविवारी पुण्याचा जुना बाजार भरतो. सकाळी लवकर जा, भाव विचारा, लिहून घ्या. लिलावघरांचे जुने निकाल त्यांच्या वेबसाईटवर फुकट बघता येतात. अंदाज किती होता आणि गेली कितीला, हे रोज पाच वस्तूंचं लिहा. आणि शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय एकदा नाही, दोन-तीनदा बघा. दिनकर केळकरांच्या घरचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणजे आपल्यासारखाच दुकानदार माणूस. 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी घरोघरच्या वस्तू जमवायला सुरुवात केली: अडकित्ते, दिवे, दौती, फण्या. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि पुढे तो संग्रह शासनाच्या हवाली केला. तिथल्या अडकित्त्यांपुढे अर्धा तास उभे राहा. एकाच कामाच्या वस्तूचे किती प्रकार होतात, आणि त्यातला कुठला चांगला, हे डोळ्याला तिथे कळायला लागतं. जाताना वही न्या.