नागनिका राणीचे दागिने

माझं माहेर मुरबाडचं, सासर शहापूरचं. लग्नसराई आली की दोन्हीकडे एकच विषय, कुणाच्या अंगावर किती तोळे! गेल्या हिवाळ्यात आम्ही बायकांनी नाणेघाटाची सहल काढली. माळशेजच्या रस्त्याला वैशाखऱ्याच्या पुढे उतरलो आणि चढायला लागलो. आत्याही आली होती. वय पासष्ट, पण चढणीला सगळ्यांच्या पुढे!

कल्याण बंदरातून जुन्नरला जाणारा माल पूर्वी याच वाटेने वर चढायचा. वर एक कोरीव लेणं आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञ किती केले, दक्षिणेत हजारो गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी कशी दिली, सगळा हिशेब त्यात लिहिलाय. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, राजाच्या जोडीला राणीचीही. वर नावं आहेत, पण मूर्ती फुटल्यात. पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात.

मग राणी काय ल्यायची, हे कळायचं कसं? त्यासाठी लोणावळ्याजवळ कार्ल्याला नाहीतर बोरिवलीच्या कान्हेरीला जावं. चैत्याच्या दर्शनी भिंतीवर त्या काळातली श्रीमंत जोडपी कोरलीत. बायकांच्या हातात मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, कानात मोठी कुंडलं, कमरेला मेखला, पायात जाडजूड वाळे. चोळी मात्र दिसत नाही, कमरेला नेसूचं वस्त्र तेवढं. आणि पुरुषही काही कमी नाहीत बरं का! डोक्याला फेटा, कानात, गळ्यात, हातात दागिने. आजच्या नवरदेवांनी बघावं.

दंडावरही दागिना असायचा. बाजूबंद हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, दागिना मात्र त्याच्याही आधीचा. तिकडे इराणात सुसा इथे १९०१ साली एक थडगं सापडलं. त्यात सिंहाच्या तोंडाची सोन्याची कडी आणि मोत्यांची माळ होती. हौस सगळीकडे सारखीच! आमच्याकडच्या म्हाताऱ्या ठाकरणींच्या गळ्यातल्या मण्यांच्या माळा आठवल्या. सोनं नसलं म्हणून काय झालं?

लेखात आणखी एक गोष्ट आहे. महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखं जगणारी, असं वर्णन त्यात येतं. नवरा गेल्यावरचं तिचं हे जगणं असं अभ्यासक सांगतात. मी हे वाचलेलं सांगितलं, तशी आत्या गप्प झाली. काका जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशी जावांनीच तिच्या बांगड्या फोडल्या होत्या.

"मग हिनेपण सगळं उतरवलं असेल का गं?"

मला काय सांगता येणार? एवढंच म्हटलं, "तिचं नाव मात्र कुणी पुसलं नाही हो." मग हेरवाडची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनेही मग सगळ्या गावांना तसं परिपत्रक काढलं.

"आमच्या गावात कुणी वाचलं ते?" आत्या म्हणाली.

परतताना मुरबाडच्या बाजारात थांबलो. कासारणीपुढे आत्या बराच वेळ उभी राहिली. नातीसाठी म्हणून डझनभर घेतल्या. मग हळूच हात पुढे केला, "मला दोन-दोन भर. घरी काय म्हणतील ते मी बघते."