गार्ड काढायचा नाही

तासगावच्या बाहेर रस्त्याला लागून सासऱ्यांनी सुरू केलेलं फॅब्रिकेशनचं दुकान आता मी चालवते. गेट, ग्रिल, गोठ्याचं शेड ही कामं बारमाही असतात. पण आमच्या भागातलं मोठं काम द्राक्षबागेचं. वेली ज्यावर पसरतात ते वायच्या आकाराचे लोखंडी अँगल. एकेका बागेला शेकडो लागतात आणि प्रत्येक अँगल कापायला, वेल्डिंग घासायला हातात ग्राइंडर घ्यावाच लागतो. कामाला आलेल्या नव्या पोराला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते: मशीनचा गार्ड काढायचा नाही. चकतीला अर्धं झाकणारं ते पत्र्याचं कवच. बाकी सगळं हळूहळू शिकता येतं.

चार इंची मशीन, ज्याला बाजारात ‘एजी फोर’ म्हणतात, मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतं. म्हणजे 100 मिलिमीटरच्या चकतीची कड ताशी 200 किलोमीटरहून जास्त वेगाने फिरत असते. चकती असते कशाची? कापणारे बारीक कण, ते धरून ठेवणारं रेझिन आणि मध्ये काचतंतूची जाळी. कटिंगची चकती तर जेमतेम एक ते तीन मिलिमीटर जाड. ती फुटली की तुकडे त्याच वेगाने सुटतात आणि त्यांच्या वाटेत पहिला आडवा येतो तो गार्ड. तो नसला तर पोट, मांडी नाहीतर चेहरा.

गार्ड काढणारे कारागीर निष्काळजी असतात असं मला वाटत नाही. त्यांची अडचण खरी असते. चार इंची चकती जाड पाइपात पुरेशी आत जात नाही, म्हणून पाच इंची लावायची; ती गार्डमध्ये बसत नाही, मग गार्ड निघतो. त्यापुढची पायरी म्हणजे बुश घालून सात इंची चकती बसवणं. या चकत्यांची वेगमर्यादा साधारण सेकंदाला 80 मीटर असते; म्हणून सात इंची चकतीवर मिनिटाला सुमारे 8,500 फेरे छापलेले असतात. ती 11,000 फेऱ्यांच्या मशीनवर लावली की कडेचा वेग सेकंदाला 100 मीटरच्या वर जातो. ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे चकतीवर सोसवेल त्याच्या दीडपटीहून जास्त ताण येतो. अशा कामाला सात इंची मशीन किंवा कटऑफ मशीनच हवं, आणि ते घेऊन देणं मालकाचं काम आहे, पोराचं नाही. कोपऱ्यात मशीन शिरत नसेल तर तिथे कानस चालवावी. वेळ लागतो, लागू द्यावा. लाकडासाठी दातेरी पातं ग्राइंडरला लावायचे प्रकार मात्र मी दुकानात अजिबात चालू देत नाही. दाते लाकडात अडकले की मशीन हातातून हिसकून निघतं.

हिसका लोखंड कापतानाही बसतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा माल ठेवण्याच्या पद्धतीत असतं. अँगलची दोन्ही टोकं विटांवर टेकवून मध्ये कापायला घेतलं, तर कापत जाल तसा तो मध्ये वाकतो, फट वरून मिटते आणि चकती तिच्यात चिमटली जाते. चकती अडते, पण मोटर जोर लावतच असते. मग आख्खं मशीन उसळून माणसाकडे येतं. म्हणून कापून पडणारा तुकडा मोकळा लोंबता ठेवायचा, म्हणजे फट उघडत जाते. उरलेला भाग व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने घट्ट धरायचा. बागेत काम करताना पोरं चप्पल घातलेल्या पायाखाली अँगल दाबून एका हाताने मशीन चालवतात, ते बघून माझा जीव वरखाली होतो. बाजूचा दांडा त्या मशीनला दुसऱ्या हातासाठीच दिलेला असतो. आणि कटिंगच्या चकतीने कधीही घासायचं नाही. ती कडेने कापायला केलेली असते, आडवा दाब तिला सोसत नाही.

डोळ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. नंबरचा चष्मा पुरत नाही, बाजूने कण शिरतो. बंद गॉगल हवा, कापताना त्यावर फेसशील्ड. तरीही कण गेलाच तर चोळायचं नाही. आमच्याकडे अजून काडीने किंवा रुमालाच्या टोकाने कण काढून देणारे लोक भेटतात. लोखंडाचा तापलेला कण बुबुळावर चिकटून बसतो आणि थोड्याच वेळात त्याच्याभोवती गंजाचं कडं धरू लागतं. ते काढणं डोळ्यांच्या डॉक्टरांचंच काम. त्याच दिवशी जायचं, रात्र काढायची नाही.

फरशी किंवा काँक्रीट कापताना धोका वेगळा. त्या धुळीतली सिलिका फुप्फुसात साचते आणि तिथून निघत नाही. कापडी रुमाल तिला अडवत नाही. तोंडाला नीट बसणारा एन-95 मास्क लागतो. ओली फरशी कापायला त्या कामासाठीच बनवलेलं मशीन वापरावं. साध्या ग्राइंडरवर पाणी सोडलं तर शॉक बसू शकतो. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातला गमछा, मोकळे केस हे सगळं चकतीपासून दूर.

आता लोडशेडिंग. मध्येच लाइट जाते, मशीन थांबतं, पोरगं ते ठेवून चहाला जातं. बटण चालूच राहिलेलं असतं. लाइट आली की जमिनीवरचं मशीन एकदम फिरत सुटतं. म्हणून लाइट गेली की आधी बटण बंद, मग पिन बाहेर. चकती बदलतानाही पिन बाहेर. ठिणग्या कुठे जातात तेही बघायचं. बागेत छाटलेल्या काड्या नाहीतर उसाचं पाचट जवळ असेल, तर आधी जागा साफ करायची आणि काम संपल्यावर थोडा वेळ तिथेच थांबायचं. डिझेल-थिनरचे रिकामे बॅरल अर्धे कापून मागायला गिऱ्हाइकं येतात. आत वाफ राहिलेली असते आणि एका ठिणगीने बॅरल फुटतं. धुऊन आणलंय म्हणाले तरी मी नकोच म्हणते.

चकती घेताना मधली धातूची कडी बघा. तिच्यावर मुदतीची तारीख ठोकलेली असते, सहसा उत्पादनापासून तीन वर्षांची. जमिनीवर पडलेली, ओल लागलेली, कड उडालेली चकती टाकून द्या. नवी चकती लावल्यावर ती माणसांपासून दूर धरून अर्धा मिनिट तशीच फिरवा. सदोष असली तर बहुधा तिथेच फुटते, आणि तेव्हा गार्ड जागेवर असलाच पाहिजे.