तांब्याची कड

‘सकाळी उठल्याबरोबर तीन पाने हाताने लिहिली की ताण उतरतो, रोज पंधरा मिनिटे चित्र काढले की ध्यान केल्यासारखेच होते, असे सगळीकडे ऐकते. यात विज्ञान किती?’ असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे.

तीन पानांची कल्पना अमेरिकी लेखिका ज्युलिया कॅमेरॉन यांच्या १९९२च्या पुस्तकातून लोकप्रिय झाली. त्याआधी, १९८६ साली, मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे लिहायला बसवले होते. आयुष्यातल्या जखमांविषयी ज्यांनी घडलेले आणि वाटलेले असे दोन्ही लिहिले, त्यांना लिहून उठताना आधी वाईटच वाटले. पण पुढच्या सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी त्यांनी कमी वेळा चढली. पुढे असे प्रयोग शेकड्याने झाले. २००६ साली त्यांतल्या १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसले की फायदा आहे, पण लहान आहे.

चित्रांचेही तसेच. फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटे हवे ते काढू-घडवू दिले. सुमारे पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेतले कॉर्टिसॉल उतरले. बातमी जगभर गेली. पण नुसत्या बसून राहिलेल्या लोकांचा दुसरा गट तुलनेला नव्हता, आणि कॉर्टिसॉल तर सकाळपासून रात्रीपर्यंत आपले आपणच उतरत जाते. त्यामुळे ‘चित्र काढा, ताण घालवा’ एवढा मोठा निष्कर्ष या आकड्यावर उभा राहत नाही.

मला वाटते, ताण मोजण्यात आपण मूळ प्रश्नाला बगल देतो. मराठीत ‘ध्यान’ या शब्दाचा रोजचा अर्थच मुळी लक्ष. ‘ध्यान कुठे आहे तुझे?’ असे आई विचारते, तेव्हा तिला लक्षच हवे असते. लिहिताना आणि रेखाटताना या लक्षाचे काय होते, हे विलक्षण चिकाटीने तपासणारी एक बाई होऊन गेली. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तिची भेट क्वचितच होते. तिचे नाव मॅरियन मिलनर.

१९०० साली लंडनमध्ये जन्म, युनिव्हर्सिटी कॉलेजात मानसशास्त्र आणि शरीरशास्त्राचे शिक्षण. १९२६ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी तिने एक वही घातली. आपल्याला खरोखर आनंद कशाने होतो, हे कुणाचे ऐकून न ठरवता रोजच्या नोंदींतून शोधायचे, असे तिने ठरवले.

आता गंमत पाहा. तिचा सख्खा भाऊ म्हणजे पॅट्रिक ब्लॅकेट. १९४८चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारा आणि स्वातंत्र्यानंतर नेहरूंच्या सरकारला संरक्षणविषयक सल्ला देणारा तोच ब्लॅकेट. बहिणीने वही घातली त्याच्या आगेमागेच तो केंब्रिजमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डच्या हाताखाली मेघपेटीची छायाचित्रे काढत होता. कण डोळ्यांना दिसत नाही, पण दमट हवेतून जाताना थेंबांची बारीक रेघ मागे सोडतो. ब्लॅकेटने सुमारे २३,००० छायाचित्रे काढली. त्यांत चार लाखांच्या वर रेघा होत्या, जवळपास सगळ्या सरळ. फाटा फुटलेल्या फक्त आठ. त्या आठ रेघांत नायट्रोजनचे केंद्रक बदलताना पकडले गेले.

बहिणीची वहीदेखील मेघपेटीच होती. लक्षही दिसत नाही, त्याची रेघ कागदावर उमटते. बहुतेक पाने सरळ रेघांची, अधूनमधून एखादा फाटा. अशा फाट्यांवरून तिला लक्षाच्या दोन तऱ्हा सापडल्या. एक अरुंद, जमिनीला नाक लावून माग काढणाऱ्या जनावरासारखी, जे हवे तेवढेच बघणारी. दुसरी रुंद, काहीच न मागता सगळे एकदम बघणारी. तिचा आनंद या दुसऱ्या तऱ्हेशी बांधलेला होता. १९३४ साली तिने हे सारे जोआना फील्ड या टोपणनावाने पुस्तकरूपात आणले. १९५०च्या दुसऱ्या पुस्तकात तिने हाच शोध चित्रांतून घेतला. शांत झाडे काढायला बसावे आणि कागदावर वणवा पेटावा, असे तिच्या हातून घडले. तेही तिने जपून तपासले. टेबलावरची दोन भांडी रेखाटताना तिला जाणवले की वस्तूंची कड आपण समजतो तितकी पक्की नसते.

हे पडताळायला मी महिनाभर घरातला पितळी तांब्या रोज दहा मिनिटे काढला. पहिला आठवडा मी तांब्या काढतच नव्हतो, ‘तांब्या’ या शब्दाचे चित्र काढत होतो : गोल पोट, आवळलेला गळा, भोवती ठाम रेघ. नवव्या की दहाव्या दिवशी पेन्सिल अडली. खिडकीच्या बाजूला पितळेवर उजेड इतका सांडला होता की कड नव्हतीच; भांडे मागच्या पांढऱ्या भिंतीत मिसळून गेले होते. खालच्या अंगाला ओट्याची काळी फरशी पितळेत उतरली होती. तेवढी दोन-तीन मिनिटे डोक्यात शब्द नव्हते. तीस पानांत असे फाटे दोनच.

म्हणून ‘रोज’ या शब्दाला महत्त्व. आठ रेघांसाठी २३,००० चित्रे लागली. त्यांतली कुठली आठ, हे आधी कुणालाच ठाऊक नव्हते.

तेव्हा भगिनींना उत्तर असे : ताण उतरेलच, असे विज्ञान सांगत नाही. दुःख ताजे असेल तर एकटीने ते कागदावर उकरत बसू नका, जवळच्या माणसाशी किंवा तज्ज्ञांशी बोला. पण लक्षाची ओळख करून घ्यायची असेल, तर एक वही, एक पेन्सिल आणि घरातली एक साधी वस्तू पुरते. पानावर तारीख घाला, पान फाडू नका, आणि महिना पुरा होईपर्यंत चांगले-वाईट ठरवू नका.