जांभळ्या पडद्याची करामत

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी एकाएकी गुलाबी झालं, तेव्हा नाना तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा आहे. आज मी बोलणार आहे ते त्यांच्याच एका भाऊबंदाबद्दल. त्याचं नाव हॅलोबॅक्टेरियम सॅलिनारम. नावात बॅक्टेरियम असलं तरी हा जिवाणू नव्हे. नाव आधी पडलं, कूळ नंतर कळलं!

मिठागराच्या पाण्यात प्राणवायू कमी पडला, की हा जीव आपल्या आवरणावर जांभळे ठिगळ तयार करतो. त्या ठिगळात एकच प्रथिन असतं, बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डीटर ओस्टरहेल्ट आणि वॉल्थर स्टोकेनियस यांनी ते ओळखलं. आश्चर्य म्हणजे त्याच्या पोटात रेटिनल हा रेणू निघाला. जीवनसत्त्व अ पासून होणारा हाच रेणू तुमच्या-माझ्या डोळ्यातही उजेड टिपत असतो.

हिरवा-पिवळा प्रकाश पडला, की हा रेणू एका सेकंदाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी वेळात मुरडतो. त्या मुरडीनं प्रथिन एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धनभारित कण, पेशीच्या आतून बाहेर ढकलतं आणि साधारण दहा मिलिसेकंदांत पुन्हा पूर्ववत होतं. जीवासाठी ही पोटापाण्याची सोय. पण विद्युतभार हलला म्हणजे वीज आली, आणि तिथं इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे कान टवकारले.

एरवी प्रथिन म्हणजे नाजूक माल. अंडं उकडलं की पांढरं होतं, ते प्रथिन बिघडल्यामुळेच. हे मात्र ८० अंश सेल्सिअसचं पाणीसुद्धा सोसतं. काढायलाही सोपं: पेशी साध्या, बिनमिठाच्या पाण्यात टाकल्या की फुटतात आणि जांभळी ठिगळं शाबूत उरतात. जाडी पाच नॅनोमीटर.

खरी मेख पुढे आहे. ही ठिगळं काचेवर नुसती पसरली, तर निम्मी उताणी आणि निम्मी पालथी पडतात. निम्मे प्रोटॉन वर, निम्मे खाली. रस्सीखेच बरोबरीत सुटते आणि हाती काहीच लागत नाही. सगळ्यांची तोंडं एका दिशेला हवीत. ठिगळाच्या दोन बाजूंवरचा विद्युतभार सारखा नसतो, म्हणून विद्युतक्षेत्र लावून ती वळवता येतात. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, पण कवायतीच्या मैदानावर ‘एक साथ सावधान’ झाल्यावर काय होतं, ते आठवा.

१९९२ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका आणि सहकाऱ्यांनी टिन ऑक्साइड या पारदर्शक अर्धवाहकावर असा थर बसवला आणि त्याला पाणीदार जेलची साथ दिली. उजेड पडला की विजेचा झटका. उजेड तसाच राहिला तर शांतता. उजेड गेला की उलटा झटका. म्हणजे हा थर उजेड मोजत नाही, उजेडातला बदल टिपतो. भिंतीवर स्वस्थ असलेली पाल आपल्याला दिसत नाही आणि ती हलली की लगेच दिसते, तसंच काहीसं. साध्या कॅमेऱ्याला हे कळायला संगणकाची मदत लागते. (हेच मियासाका २००९ मध्ये पेरोव्स्काइटच्या सौरघटांसाठी जगभर गाजले.)

पण झटका फार क्षीण. तो मोठा कसा करायचा? २००२ मध्ये अमेरिकेत पल्लब भट्टाचार्य, रॉबर्ट बर्ज आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन गॅलियम आर्सेनाइडच्या ट्रान्झिस्टरशी एकाच तुकड्यावर जोडलं. ट्रान्झिस्टरचं गेट म्हणजे नळाची तोटी. प्रथिनानं तोटी जराशी फिरवायची, प्रवाह अर्धवाहकानं सोडायचा. कामाची ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते.

मग बाजारात असं यंत्र का दिसत नाही? माझ्या मते कारण साधं आहे. सिलिकॉन इतकं स्वस्त आणि वेगवान झालं, की दहा मिलिसेकंद थांबायला कोणी तयार नाही. बर्ज यांनी १९९० च्या दशकात याच प्रथिनाच्या स्मृतिघनाचा ध्यास घेतला होता. त्याच्या वाट्याची जागा फ्लॅश मेमरीनं घेतली.

डोळ्याची गोष्ट निराळी. तिथं मिलिसेकंद पुरतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आजारात प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात, पण मागच्या चेतापेशी बऱ्याच काळ टिकून असतात. २००९ मध्ये बर्ज आणि त्यांची विद्यार्थिनी निकोल वॅग्नर यांच्या लॅम्डाव्हिजन कंपनीनं याच प्रथिनाचे शेकडो थर रचून कृत्रिम दृष्टिपटल करायचं ठरवलं. थर एकसारखे बसावेत, गुरुत्वाकर्षणानं ते विस्कटू नयेत, म्हणून त्यांचे प्रयोग २०१८ पासून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही झाले आहेत. मिठागरातला जीव तिथवर पोहोचला आहे.