कळफलकातील मुद्रित मंडलाची दुरुस्ती
संगणकाच्या यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो आणि त्या स्विचाच्या धातूच्या दोन पिना मुद्रित मंडलाच्या फलकाला डाख देऊन जोडलेल्या असतात. हा सांधा किंवा त्याला लागून असलेली तांब्याची पट्टी सदोष झाली, म्हणजे स्विच चांगला असूनही ती कळ मुकी होते अथवा कधी उमटते, कधी उमटत नाही. असा दोष शोधून काढणे व तो दूर करणे याचे विवेचन येथे केले आहे.

मुद्रित मंडलाचा पाया पॉल आइसलर (१९०७–९२) या ऑस्ट्रियात जन्मलेल्या अभियंत्यांनी १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये घातला. निरोधक फलकावरील तांब्याचा पातळ पत्रा हव्या त्या आकृतीत शिल्लक ठेवून बाकीचा विरघळवून टाकला, की तारांचे काम त्या पट्ट्याच करतात. कळफलकातील फलक सामान्यतः काचतंतू व एपॉक्सी रेझीन यांचा, सु. १·६ मिमी. जाडीचा असतो. त्यावरील तांबे मात्र मिमी.च्या शतांशात मोजण्याइतके, बहुधा ०·०३५ मिमी. जाड असते. दुरुस्तीतील बहुतेक अपघातांचे मूळ या पातळपणात आहे.

प्रत्येक कळीपासून नियंत्रकापर्यंत वेगळी जोडणी नेणे परवडणारे नसते. म्हणून कळा उभ्या स्तंभांच्या व आडव्या ओळींच्या जाळीत बसवितात. १०४ कळांच्या फलकास ६ ओळी व १८ स्तंभ धरले, तर अवघ्या २४ जोडण्या पुरतात. नियंत्रक एकामागून एक स्तंभ तपासतो आणि कोणत्या ओळीत संकेत आला ते पाहतो. अशा जाळीत आयताच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या गेल्यास चौथी न दाबलेली कळही उमटू शकते. ते टाळण्यासाठी चांगल्या कळफलकात प्रत्येक कळीला एक डायोड जोडलेला असतो. फलकावरून जाते ती केवळ कळीची जागा. अक्षर कोणते ते संगणक ठरवितो. त्यामुळे इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘क’ उमटेनासा झाला, तर रोमन मांडणीतील ‘के’ ही त्याच वेळी बंद पडलेला आढळतो. एकाच मांडणीत दोष दिसत असेल, तर फलक उघडण्याचे कारण नाही.

जाळीची ही रचना लक्षात घेतली, तर निम्मे निदान पेचकस हाती घेण्यापूर्वीच होते. संपूर्ण ओळ वा स्तंभ बंद असेल, तर पट्टी तुटलेली असते किंवा नियंत्रकाचा सांधा सुटलेला असतो. सगळ्याच कळा बंद असतील, तर आधी केबल व तिचे बूड पाहावे. एकच कळ बंद असेल, तर स्विच, त्याचे सांधे, लगतची पट्टी व डायोड एवढ्यांचाच विचार करावा लागतो. एकदा दाबून अक्षर दोनदा उमटणे हा मात्र बहुधा स्विचाच्या आतील स्पर्शकांचा दोष असतो. तेथे डाख देऊन काही साधत नाही.

फलक संगणकाला जोडलेला ठेवून मागच्या बाजूने त्या स्विचाची दोन्ही तांब्याची वलये चिमट्याने क्षणभर एकमेकांस जोडावीत. येथील दाब जेमतेम ५ व्होल्ट असल्याने धोका नसतो. अक्षर उमटले, तर फलक ठीक असून दोष स्विचात किंवा त्याच्या सांध्यात आहे. न उमटल्यास केबल काढून मल्टिमीटरने पट्टी व डायोड तपासावेत. चांगला सिलिकॉन डायोड एकाच दिशेने, सु. ०·५ ते ०·७ व्होल्ट दाखवितो.

कच्चा सांधा डोळ्यांनाही ओळखू येतो. पिनेभोवती केसासारखी गोल भेग दिसते, किंवा डाख वलयावर न पसरता गोळी होऊन बसलेला असतो. सांधा निस्तेज दिसतो एवढ्यावरून तो वाईट ठरविणे मात्र चूक आहे. शिसेयुक्त डाख (कथिल ६३%, शिसे ३७%) १८३° से.ला वितळतो व थंड झाल्यावर चकाकतो. यूरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत् उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यानंतर सर्वत्र रूढ झालेला शिसेविरहित डाख सु. २१७° ते २२०° से.ला वितळतो आणि त्याचा निर्दोष सांधाही काहीसा मळकट दिसतो.

अशा सांध्यास अभिवाह लावून सोल्डरिंग आयर्नचे टोक पिन व वलय या दोहोंस एकदम टेकवावे, थोडा नवा डाख द्यावा आणि दोन-तीन सेकंदांत टोक उचलावे. टोकाचे तापमान शिसेयुक्त डाखासाठी ३२०° ते ३५०° से. पुरते. डाख आयर्नला न लावता तापलेल्या सांध्याला लावावयाचा असतो. स्विच बदलावयाचा असल्यास जुना डाख पंपाने किंवा तांब्याच्या विणलेल्या फितीने काढावा लागतो. जुन्या शिसेविरहित सांध्यात आधी थोडा शिसेयुक्त डाख मिसळला, तर तो लवकर वितळतो. पिन सैल झाल्याखेरीज स्विच ओढू नये. अर्धवट वितळलेल्या सांध्यावर जोर केला, की वलय उपटून येते.

दुहेरी फलकात छिद्राच्या आतून तांब्याचा मुलामा असतो व तो दोन बाजूंच्या पट्ट्या जोडतो. हा मुलामा पिनेबरोबर निघून आला, तर खालचा सांधा कितीही सुबक केला तरी कळ मुकीच राहते. कारण तिची पट्टी वरच्या बाजूस, स्विचाखाली झाकलेली असते. दुरुस्ती करणारा पुनःपुन्हा तोच सांधा तापवीत बसतो आणि उरलेले तांबेही सुटते.

येथे उपाय तारेचा. स्विचाची एक पिन स्तंभाकडे व दुसरी डायोडाकडे जाते (काही रचनांत हा क्रम उलटा असतो). तुटलेली पिन स्तंभाची असल्यास त्याच स्तंभातील शेजारच्या कळीच्या तशाच पिनेपर्यंत, डायोडाची असल्यास त्याच कळीच्या डायोडाच्या जवळच्या टोकापर्यंत सु. ०·२५ मिमी. व्यासाची निरोधक वेष्टनाची तार जोडावी. डायोड ओलांडून तार सरळ ओळीला जोडली, तर कळ चालू होते खरी, पण अनेक कळा दाबताना नको ती अक्षरे उमटू लागतात. पट्टीच मध्ये तुटली असेल, तर तिच्यावरील रोगण अलगद खरवडून उघड्या तांब्यास डाखाचा पातळ थर द्यावा व वरून तार बसवावी. शेवटी अभिवाहाचा चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहॉलाने पुसून तार चिकटवून टाकावी.

काही कळफलकांत स्विच डाख न देता खोबणीत खुपसलेले असतात. तेथे पिन वाकणे हा नेहमीचा दोष आहे. मागून बोटाचा आधार न देता स्विच दाबल्यास खोबण वलयांसह निखळते. प्लॅस्टिकच्या पटलांवर चांदीच्या शाईने मंडल छापलेल्या कळफलकांस वरील पद्धत लागू नाही. त्यांचे पटल उष्णतेने वितळते, म्हणून तुटलेली रेघ संवाहक रोगणाने सांधावी लागते.

डाख देण्यापूर्वी केबल काढून ठेवावी. बिनतारी कळफलकातील लिथियम बॅटरी अलग करावी. राळेच्या अभिवाहाचा धूर श्वासनलिकेस अपायकारक असल्याने खिडकी उघडी असावी आणि शिसेयुक्त डाख हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.